अंधारातील अंतरमापन : वटवाघळाचा मेंदू आणि प्रतिध्वनी

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील रोहणा हे कापूस, तूर आणि सोयाबीन पिकविणाऱ्या पट्ट्यातील गाव होय. या पट्ट्यातील गावांत दिवेलागणीची वेळ झाली की, कवेलूंच्या फटींतून, जुन्या भिंतींच्या भेगांतून आणि पडक्या विहिरींच्या कपारींतून लहान लहान वटवाघळे बाहेर पडू लागतात. पऱ्हाटीवरून, धुऱ्यावरील झाडांच्या कडेकडेने आणि रस्त्यावरील दिव्यांभोवती त्यांच्या वेड्यावाकड्या घिरट्या सुरू होतात. काही भागांत यांनाच पाकोळ्या म्हणतात. या उडण्याला काही धरबंध नाही, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः त्यातील प्रत्येक वळणाआधी एक मोजमाप झालेले असते. ते डोळ्यांनी नव्हे, तर कानांनी होते. आणि मोजली जाते ती लांबी नसून वेळ असते. अवघ्या काही ग्रॅम वजनाच्या या प्राण्याच्या, एक ग्रॅमही न भरणाऱ्या मेंदूत हे कसे घडते, याचा बराचसा उलगडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. शिक्षकांना ही माहिती वर्गात उपयोगी पडण्याजोगी आहे. आणि ज्या जुन्या भिंती, विहिरी व झाडे यांच्याविषयी ग्रामपंचायतीच्या बैठकांत ठराव होतात, त्यांचा या प्राण्याशी काय संबंध पोचतो, हेही तिच्यावरून ध्यानात येईल.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. वटवाघूळ आंधळे नसते. वडा-पिंपळावर दिवसा उलटी लटकणारी मोठी, फळे खाणारी वटवाघळे तर प्रामुख्याने डोळ्यांवर आणि नाकावरच विसंबून असतात. प्रतिध्वनीचा उपयोग ती करीत नाहीत. त्यांच्यातील गुहांत राहणारी एक जात मात्र जिभेने टकटक आवाज काढून अंधाऱ्या गुहेत वाट शोधते. येथे विचार करावयाचा आहे तो कीटकभक्षी लहान वटवाघळांचा.

दीडशे वर्षे पडून राहिलेला प्रश्न

इटलीतील पाव्हिया विद्यापीठाचे लाझारो स्पालान्झानी यांना १७९३ साली असे आढळून आले की, ज्या मिट्ट काळोखात घुबडही अडखळते, तेथे वटवाघूळ मात्र कोठेही न धडकता उडू शकते. दृष्टी काढून घेतलेली वटवाघळेही तशीच बिनचूक उडाली. पुढे जिनिव्हाचे शल्यवैद्य लुई ज्यूरिन यांनी वटवाघळांचे कान बंद करून पाहिले, तेव्हा ती अडथळ्यांवर आदळू लागली. स्पालान्झानी यांनीही हे पडताळून पाहिले. निष्कर्ष उघड होता : वटवाघूळ कानांनी वाट काढते. पण उडणारे वटवाघूळ तर माणसाला अगदी निःशब्द वाटते. मग ते ऐकते तरी काय? या एका शंकेपायी तो निष्कर्ष बाजूस सारला गेला आणि पंखांच्या स्पर्शज्ञानाने ते उडत असावे, हे मत पुढे शतकभराहून अधिक काळ प्रचलित राहिले. प्रयोगाने हाती आलेले उत्तर केवळ माणसाच्या कानाला पटले नाही म्हणून दूर लोटले जावे, हे विज्ञानाच्या इतिहासातील एक लक्षात ठेवण्याजोगे उदाहरण आहे.

माणसाला साधारणपणे सेकंदाला २० ते २०,००० कंपने असलेला ध्वनी ऐकू येतो. १९३८ साली हार्वर्ड विद्यापीठातील डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने काही वटवाघळे भौतिकीचे प्राध्यापक जी. डब्ल्यू. पिअर्स यांच्या प्रयोगशाळेत नेली. याहून अधिक कंप्रतेचे, म्हणजे श्राव्यातीत ध्वनी टिपणारे उपकरण तेथे होते. ‘निःशब्द’ वटवाघळे अखंड ओरडत असल्याचे त्या उपकरणाने दाखविले. त्यानंतर ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलाम्बॉस यांनी कान झाकून व तोंड बांधून प्रयोग केले. दोहोंपैकी काहीही बंद केले की वटवाघूळ आदळते, हे सिद्ध झाले. स्वतःच्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वस्तूचे स्थान ठरविण्याच्या या क्रियेला ग्रिफिन यांनी १९४४ साली स्वतंत्र नाव दिले. मराठीत तिला प्रतिध्वनिवेध म्हणता येईल.

शाळेच्या भिंतीसमोर

या क्रियेमागील गणित सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यास समजेल इतके सोपे आहे. शून्य अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३३१ मीटर असतो आणि तापमान एका अंशाने वाढले की तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. ३० अंशांना तो सुमारे ३४९ मीटर होतो. शाळेच्या एखाद्या लांबलचक, मोकळ्या भिंतीपासून ५० मीटर अंतरावर विद्यार्थ्याने उभे राहावे व टाळी वाजवावी. ध्वनीला जाऊन येऊन १०० मीटर तोडावयाचे असतात. प्रतिध्वनी ऐकू येतो त्याच क्षणी पुढची टाळी पडेल, अशा लयीत टाळ्या चालू ठेवाव्यात आणि सलग २० अंतरालांना लागलेला वेळ घड्याळात पाहावा. तो पावणेसहा सेकंदांच्या आसपास भरेल. त्याला २० ने भागून एका फेरीचा वेळ मिळतो. त्यास वेगाने गुणून २ ने भागले की भिंतीचे अंतर मिळते. मग ते टेपने मोजून ताडून पाहावे.

वटवाघूळ हेच करते, पण त्याची भिंत म्हणजे एक चिलट असते आणि ते पाच-पन्नास मीटरांवर नसून हाताच्या अंतरावर असते. एक मीटरवरील वस्तूचा प्रतिध्वनी ५.७ सहस्रांश सेकंदांत परत येतो. १० सेंटिमीटरवरील वस्तूचा अर्ध्या सहस्रांशाहून किंचित अधिक वेळात. माणसाला इतक्या अल्पावधीत आवाज आणि प्रतिध्वनी वेगळे ऐकू येणे शक्यच नसते. वटवाघळालाही त्यासाठी काही तजवीज करावी लागते. भक्ष्य शोधताना ते सेकंदाला दहाएक हाका देते. कीटक सापडला व अंतर कमी होऊ लागले की हाका वाढत वाढत सेकंदाला दीडशेच्याही वर जातात आणि प्रत्येक हाक आखूड होत जाते, म्हणजे हाक संपण्यापूर्वीच प्रतिध्वनी येऊन दोहोंची सरमिसळ होत नाही. स्वतःच्या कर्कश हाकेने कान बधिर होऊ नयेत म्हणून हाकेच्या ऐन आधी मध्यकर्णातील एक सूक्ष्म स्नायू आवळला जातो व प्रतिध्वनी येईपर्यंत तो पुन्हा सैल होतो. डावे-उजवे हे दोन कानांना मिळणाऱ्या प्रतिध्वनींतील फरकावरून कळते. वर-खाली कळण्यास बाह्यकर्णाच्या चुण्या उपयोगी पडतात. अंतराचा प्रश्न मात्र कानाने सुटत नाही. तो मेंदूकडे जातो.

मोजमाप नव्हे, मापांची ओळ

अमेरिकेत जेम्स सिमन्स यांनी १९७० च्या सुमारास दोन बैठकींपैकी जवळची कोणती ते ओळखण्यास वटवाघळांना शिकविले. दोन अंतरांत एक ते दीड सेंटिमीटरचा फरक असला, तरी ती बरोबर निवड करीत. एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे प्रतिध्वनीच्या वेळेत सेकंदाच्या लक्षांशाच्या सहापटीहूनही कमी फरक! उलटपक्षी मेंदूतील चेतापेशीतून जाणारा एक संदेशच सुमारे एक सहस्रांश सेकंद टिकतो. मण मोजण्याच्या काट्यावर गुंजा तोलण्यासारखाच हा प्रकार झाला. मग हे साधते कसे?

सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात काम करणारे जपानी शास्त्रज्ञ नोबुओ सुगा आणि त्यांचे सहकारी विल्यम ओनील यांनी १९७९ साली या प्रश्नाचे उत्तर पुढे ठेवले. मध्य अमेरिकेत आढळणाऱ्या, ओठांभोवती मिशांसारखे केस असलेल्या एका वटवाघळाच्या मेंदूच्या बाह्यपटलात त्यांना काही विलक्षण चेतापेशी सापडल्या. नुसती हाक ऐकविली तर या पेशी जवळजवळ स्वस्थ राहत. नुसता प्रतिध्वनी ऐकविला तरी स्वस्थच. पण हाक आणि तिच्यामागून ठरावीक अवधीने प्रतिध्वनी, अशी जोडी ऐकविताच त्या जोराने प्रतिसाद देत. एका पेशीला हा अवधी तीन सहस्रांश सेकंदांचा लागे, दुसरीला सहा, तिसरीला दहा. अवधी थोडा कमी-अधिक झाला की त्या पेशीचा प्रतिसाद मंदावे आणि शेजारची जागी होई.

याचा अर्थ असा की, वटवाघळाच्या मेंदूत अंतर मोजणारी एकच एक साखळी नाही. तेथे पायली, अधोली, शेर, मापटे अशी तयार मापांची ओळ मांडून ठेवलेली आहे. धान्य कोणत्या मापात नेमके बसले एवढेच पाहावयाचे. हिशेब करावयाचा नाही. प्रत्येक पेशीत हे माप कसे तयार होते, तेही पुढील अभ्यासांतून दिसून आले. हाकेचा संदेश कानाकडून मेंदूकडे जाताना मध्यमेंदूच्या पातळीवर काही काळ रोखून धरला जातो. हा काळ निरनिराळ्या मार्गांवर निरनिराळा असतो. प्रतिध्वनीचा संदेश मात्र न थांबता येतो. रोखलेला संदेश आणि मागाहून आलेला संदेश ज्या पेशीपाशी एकाच क्षणी पोचतील, तीच पेशी पेटते. आधी निघालेल्याला थोपवून मागून येणाऱ्याशी त्याची गाठ घालून देणे, एवढीच ही युक्ती आहे. एकेका पेशीचे माप जरा ढोबळ असते. तथापि शेजारशेजारच्या कित्येक पेशींच्या प्रतिसादांचा मेळ घातल्यावर निष्पन्न होणारे उत्तर काटेकोर ठरते.

सुगा यांच्या वटवाघळात ही मापे ओळीने लावलेली होती. बाह्यपटलाच्या त्या भागात पुढील बाजूस ०.४ सहस्रांश सेकंदाच्या पेशी आणि मागे जावे तसतशा अधिकाधिक अवधीच्या, शेवटी १८ सहस्रांशांपर्यंतच्या. अंतराच्या भाषेत हा पट्टा सुमारे ७ सेंटिमीटरपासून ३ मीटरपर्यंतचा होतो. कीटक जवळ येऊ लागला की पेटणारी जागा मेंदूत मागून पुढे सरकत येते. १९९१ साली सुगा यांच्या प्रयोगशाळेत औषधाने हा भाग तात्पुरता निष्क्रिय करून पाहण्यात आला, तेव्हा अवधींतील बारीक फरक ओळखण्याची वटवाघळाची क्षमता बिघडली. हा भाग अंतराच्या जाणिवेशी निगडित आहे, याला त्यामुळे बळकटी आली. सर्वच जातींत अशी सुबक रांग असते, असे मात्र नव्हे. काही जातींच्या मेंदूत अवधी ओळखणाऱ्या पेशी आहेत, पण त्या विखुरलेल्या आहेत. मापे महत्त्वाची, ती फळीवर क्रमाने लावली आहेत की नाही, हे दुय्यम.

थव्यात स्वतःची हाक ओळखायची कशी, हाही एक प्रश्न उरतोच. सुगा यांच्या वटवाघळाच्या हाकेत एका मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट व चौपट कंप्रतेचे स्वर असतात. मूळ स्वर फारच क्षीण असतो. वर सांगितलेल्या पेशी हाकेतील नेमका तो क्षीण मूळ स्वर आणि प्रतिध्वनीतील वरचे स्वर यांची जोडी मागतात. शेजाऱ्याचा क्षीण स्वर आपल्यापर्यंत पोचत नाही, स्वतःचा मात्र ऐकू येतो. म्हणून घड्याळ केवळ स्वतःच्या हाकेवरच सुरू होते, अशी सुगा यांची उपपत्ती आहे. भारतात मदुराई येथे जर्मन शास्त्रज्ञांनी उंदरासारखी शेपटी असलेल्या वटवाघळांच्या हाका १९८० च्या सुमारास नोंदविल्या. एकटे उडताना ही वटवाघळे एकाच कंप्रतेची हाक देतात. थव्यात असली की तीन निरनिराळ्या कंप्रता आपसांत वाटून घेतल्याप्रमाणे वापरतात. गेर्ड नॉयवायलर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी मदुराईच्याच परिसरातील अनेक जातींच्या श्रवणशक्तीचे आलेख १९८४ साली प्रसिद्ध केले.

मे महिन्यातील पाच सेंटिमीटर

येथवर ‘अंतर’ हा शब्द वापरला. पण काटेकोरपणे पाहता तो बरोबर नाही. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यातील संध्याकाळी हवा ४० अंशांपर्यंत तापलेली असू शकते; थंडीतील रात्री ती १० अंशांवर येते. पहिल्या हवेत ध्वनीचा वेग ३५५ मीटर, दुसरीत ३३७ मीटर. एकाच अंतरावरील कीटकाचा प्रतिध्वनी उन्हाळ्यात लवकर परततो. हिवाळ्यातील हवेचे प्रमाण धरून चालणाऱ्या वटवाघळाला उन्हाळ्यात एक मीटरवरील कीटक ९५ सेंटिमीटरवर भासेल. मग ऋतूनुसार ते आपली मापे बदलून घेते काय?

इस्राएलमधील एरन अमिचाई व योसी योवेल यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे उत्तर मिळते. त्यांनी बंदिस्त जागेतील हवेत हेलियम वायू मिसळून ध्वनीचा वेग वाढविला आणि काही पिल्ले जन्मापासूनच अशा हवेत वाढविली. दोन्ही प्रकारच्या हवेत वाढलेली वटवाघळे हेलियमच्या हवेत बैठकीच्या अलीकडेच उतरण्याचा प्रयत्न करू लागली. वयस्क वटवाघळांनाही सवयीने ही चूक सुधारता आली नाही. ध्वनीच्या वेगाचे मूल्य त्यांना जन्मजातच मिळालेले असते. जग त्यांच्यासाठी मीटरांचे नसून सहस्रांश सेकंदांचे असते.

मग मे महिन्यात ती उपाशी का मरत नाहीत? चूक प्रमाणात असते, हे त्याचे कारण होय. एक मीटरवर पाच सेंटिमीटर चुकणारे वटवाघूळ दहा सेंटिमीटरवर केवळ पाच मिलिमीटर चुकते, आणि कीटक तोंडाशी आला की हवा थंड असो वा गरम, अवधी शून्यावरच येतो. सेकंदाला दीडशे वेळा नव्याने मोजणाऱ्याला पहिले माप थोडे चुकलेले परवडते.

पऱ्हाटीवरील झुंज

कीटकांची बाजूही लंगडी नाही. कपाशीवरील हिरव्या बोंडअळीचा, म्हणजे हरभऱ्यावरील घाटेअळीचा पतंग ज्या कुळातला आहे, त्या कुळातील पतंगांना छातीच्या मागील भागात दोन कान असतात आणि प्रत्येक कानात ध्वनी टिपणाऱ्या अवघ्या दोन पेशी असतात. वटवाघळाला पतंग काही मीटरांवरून कळतो, पण पतंगाला वटवाघळाची हाक त्याच्या कित्येक पट अंतरावरून ऐकू येते. दूरची हाक आली की तो दिशा बदलून निघून जातो; अगदी जवळ आली की पंख मिटून खाली कोसळतो किंवा गिरक्या घेतो. आकाशात दिसणाऱ्या त्या वेड्यावाकड्या वळणांचा बराचसा भाग या झुंजीचा असतो.

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या दक्षिण-मध्य भागातील आठ परगण्यांत वटवाघळे कपाशीवरील बोंडअळीचे पतंग खाऊन किती लाभ करून देतात, याचा हिशेब २००६ साली प्रसिद्ध झाला. तो वर्षास सुमारे ७ लाख ४० हजार डॉलर भरला. तेथील अळी आपल्याकडील हिरव्या बोंडअळीची जवळची बहीण आहे. तेथील वटवाघळे लाखोंच्या संख्येने गुहांत राहतात. त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा विदर्भास लावणे युक्त नव्हे. परंतु फवारणीचा खर्च सोसणाऱ्या शेतकऱ्याला रात्रीचा हा बिनपगारी राखणदार कोणत्या कामाचा आहे, याची कल्पना त्यावरून यावी.

गावाचा ध्वनिनकाशा

तीन-चार मीटरांपर्यंत बारकाईने पाहणारा हा प्राणी अंधारात एक-दोन कोसांवरील आपले घर कसे शोधतो? फळे खाणाऱ्या वटवाघळांवर इस्राएलमध्ये झालेल्या संशोधनात, मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात विशिष्ट स्थळीच पेटणाऱ्या पेशी असून त्या लांबी, रुंदी व उंची या तिन्ही दिशांनी स्थान दर्शवितात, असे २०१३ साली दिसून आले. २०२४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग गावकऱ्यांच्या अधिक जवळचा आहे. आपल्या घरांत राहणाऱ्या पाकोळ्यांच्याच वंशातील, सहाएक ग्रॅम वजनाची वटवाघळे त्यांच्या निवाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटर दूर नेऊन सोडण्यात आली. काहींचे डोळे झाकले होते; काहींच्या वासाच्या व चुंबकीय जाणिवेतही अडथळा आणला होता. तरीही बहुतेक सर्व घरी परतली. ज्या जागांचा प्रतिध्वनी वैशिष्ट्यपूर्ण असतो, उदाहरणार्थ झाडे, त्यांच्या जवळून ती उडत राहिली. अर्थात झाडाझुडपांच्या प्रतिध्वनींचा एक नकाशा त्यांच्या स्मरणात असतो.

रोहण्यासारख्या गावी या नकाशातील खुणा कोणत्या असतील, ते सांगावयास नको. धुऱ्यावरची बाभूळ, पांदणीच्या दुतर्फा असलेली झाडी, गावाबाहेरचा वड, खडबडीत चिरेबंदी भिंत. गुळगुळीत पृष्ठभाग मात्र त्यांना फसवितात. आडव्या गुळगुळीत पत्र्याला ती पाणी समजून प्यावयास जातात, हे २०१० साली. आणि उभ्या काचेसारखा पृष्ठभाग ध्वनी भलतीकडे परावर्तित करीत असल्याने तेथे मोकळी वाट आहे असे समजून ती त्यावर आदळतात, हे २०१७ साली प्रयोगांनी दाखवून दिले आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये फळे खाणारी वटवाघळे दीर्घकाळ उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. सलीम अली यांचे नाव लाभलेली दक्षिणेतील दुर्मिळ जात तेवढी वगळलेली होती. २०२२ च्या सुधारणेने उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचीच रद्द झाली व ही सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. जुन्या यादीच्या आधारे परवानगी मागणारा अर्ज आल्यास संबंधितांनी हा बदल ध्यानात घ्यावा.

पडका वाडा उतरविणे, शाळेचे छप्पर बदलणे किंवा विहीर बुजविणे ही कामे अटळ असतात. नागपूरच्या विज्ञान संस्थेत प्रा. ए. गोपालकृष्ण व त्यांच्या सहकाऱ्यांनी वटवाघळांच्या प्रजननाचा अनेक वर्षे अभ्यास केला. निरनिराळ्या जातींचा विणीचा हंगाम निरनिराळा असतो, हे अशा अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. मादी एका वेळी बहुधा एक किंवा दोनच पिल्ले देते. म्हणून अमुक महिन्यात काम सुरक्षित, असा सरसकट नियम सांगता येत नाही. आधी पाहणी करावी लागते. पाहणी अवघड नाही. सूर्यास्तापासून अर्धा-पाऊण तास फटीसमोर, उजेड न पाडता उभे राहून बाहेर पडणारी वटवाघळे मोजावीत. ती निघून गेल्यावर फटीतून बारीक चिवचिव येत राहिली, तर न उडणारी पिल्ले आत आहेत असे समजून काम काही आठवडे पुढे ढकलावे. पिल्ले नसतील तर सर्व बाहेर पडल्यानंतर, रात्रीच फट बंद करावी. धूर किंवा औषध मारू नये. आत अडकलेली वटवाघळे मरून घरातच कुजतात. खाली पडलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये, आणि चावा घेतल्यास जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.